सहा नंबरचा धूर

हॅझलकूम पोलीस ठाणे
बुधवार, ता. २७ नोव्हेंबर १९६८

नाव: श्रीमती हेस्टर टकवेल. वय: ७८ वर्षे. धंदा: पूर्वी हातमोजे शिवण्याचा, सध्या काही नाही. राहणार: थोर्नबाईंची धर्मादाय घरं, घर नंबर ५, चर्च लेन, हॅझलकूम.

मी वर नाव दिलेली बाई, आज सकाळी ठाण्यात समक्ष बसून, सार्जंट वेअर यांनी विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी अठरा वर्षं एकटी राहते. आज सकाळी त्याच आवारातल्या घर नंबर ६ या रिकाम्या घरात मी मिळून आले. सदर घरात राहणारे अ‍ॅमस गिलियर्ड, वय ८१, हे परवा रात्री ब्रिस्टलच्या इस्पितळात वारले. त्यांच्या चुलीत मी विस्तव पेटवला. ट्रस्टचे सेक्रेटरी श्री. फ्रेन यांनी धुराड्यातून धूर निघताना पाहिला, आत येऊन मला पाहिलं आणि पोलिसांना बोलावलं. हे सगळं खरं आहे. त्यातलं काही मला नाकारायचं नाही.

फ्रेनसाहेबांची तक्रार मला वाचून दाखवली. त्यात मी बेकायदा घुसले असं म्हटलंय. मी घुसले नाही, किल्लीनं दार उघडून आत गेले. सहा नंबरची किल्ली दाराशी बुटांचा चिखल खरवडायच्या लोखंडी पट्टीखाली असते. हे आठही घरांतल्या माणसांना माहीत आहे, पाववाल्याला माहीत आहे आणि सार्जंट वेअर यांनाही माहीत आहे. त्यांची आजी दोन नंबरात राहायची, आणि गिलियर्ड बाहेर गेला की हे त्याच किल्लीनं आत शिरून प्लमच्या मुरंब्यात बोट घालायचे. यावर सार्जंट म्हणाले, "टकवेलबाई, माझं कशाला जबाबात?" मी म्हटलं, "डेनिस, खरं सांगायला बसवलंयस ना मला? मग लिहू दे त्याला." लिहिणाऱ्या कॉन्स्टेबलांनी लिहिलं.

आता पुढची गोष्ट आधी लिहून घ्या, कारण घाई तिची आहे. सार्जंटनी माझ्यासमोर ट्रस्टचे अध्यक्ष कर्नल स्ट्रोड यांना फोन केला. कर्नल म्हणाले की फाटकावरच्या दगडावर लिहिलंय तेच खरं. शवपेटी येईपर्यंत गिलियर्डची चूल जळत असेल तर तो आमचा माणूस, त्याला त्याच्या दारातून न्या आणि चॅपलमागच्या आमच्या जागेत पुरा. विझली असेल तर फ्रेन म्हणतात तसं, ब्रिस्टलची नगरपालिका त्याला कुठे ठेवायचं ते बघेल. पेटी उद्या सकाळी येणार आहे. पाववाला लेन हिबर्ड आपली पावाची गाडी घेऊन आणायला गेलाय. फ्रेनसाहेबांनी सहा नंबरला कुलूप घालून किल्ली इथं सार्जंटच्या टेबलावर ठेवलीय, ती मला बसल्या जागेवरून दिसते. आणि मी पेटवलेली चूल दुपारपर्यंत काही टिकायची नाही. तेव्हा काय विचारायचं ते भराभर विचारा.

दगडावर काय आहे, असं विचारल्यावरून सांगते की, तो आमच्या फाटकाच्या कमानीवर आहे. घर मिळतं त्या दिवशी चुलीच्या दगडावर हात ठेवून तो मजकूर तोंडपाठ म्हणावा लागतो. असा: 'ज्याची चूल पेटती तो घरचा माणूस. चूल महिनाभर थंड राहिली तर घर दुसऱ्या गरजूला द्यावं. घरचा माणूस गेला तर आपल्या दारातून जाईल, आणि तो जाईपर्यंत त्याच्या धुराड्यातून धूर निघेल.' माणूस महिनाभर बाहेर असला तर, असं त्यात कुठेही नाही. चूल म्हटलंय. फ्रेनसाहेब इतकी वर्षं त्या दगडाखालून येतात-जातात, पण मान वर करून वाचायला त्यांना सवड झालेली नाही.

थोर्नबाई लोकरीच्या व्यापाऱ्याची विधवा होती. तिला जाऊन तीनशे वर्षं झाली, पण बाई शहाणी होती हे मी कुणालाही सांगेन. म्हातारं माणूस जिवंत आहे का हे बघायला कुणी सकाळी सकाळी त्याचं दार ठोठावायचं नाही, खिडकीतून डोकवायचं नाही. सकाळच्या घंटेला धूर बघायचा. आठ घरं, आठ धूर, की झालं. गरिबाच्या दारात जो तो विचारपूस करायला घुसतो, त्याचं दार त्याचं राहतच नाही. थोर्नबाईनं आमची दारं आमची ठेवली.

पूर्वी मिसेस पार्डो मेट्रन, म्हणजे आमच्यावर देखरेख ठेवणाऱ्या, होत्या तेव्हाचं सांगते. घंटा झाली की त्या आवारातल्या पंपाशी उभ्या राहायच्या आणि बोट वर करून मोठ्यानं मोजायच्या. एक नंबरच्या मिस अँब्रोजचा धूर म्हणजे दोरा. कोळसा वाचवायची ना ती. तीन नंबरात टॅपली भाऊ, दोघे विस्तव ढोसायच्या सळईवरून भांडायचे, त्यामुळे त्यांचा धूर ठेचकाळत निघायचा. माझा पांढरा, सरळ. मी म्हणते म्हणून नाही, कुणालाही विचारा. आणि सगळ्यांत शेवटी सहा नंबर. मिसेस पार्डो सातपर्यंत मोजून थांबायच्या आणि ओरडायच्या, "गिलियर्ड! मेलास की काय?" आतून आवाज यायचा, "अजून नाही! चहा घेऊन मरतो!" मग तो धूर यायचा. पिवळा, काळा, जाडजूड, आळशी. वर न जाता खाली उतरायचा आणि माझ्या वाळत घातलेल्या चादरींवर जाऊन बसायचा. सगळं आवार हसायचं. ते हसणं आता कानात आहे, आवारात नाही. त्या वेळच्या माणसांतले आम्ही पाच उरलो होतो. आता चार.

मयताशी नातं काय, असं विचारलं. शेजारी. तुमच्या कागदावर दुसरं काही लिहायला रकाना आहे का? नाही ना? मग शेजारी लिहा.

मयताशी माझे भांडण होते का, असं विचारल्यावरून सांगते की, होते. अठरा वर्षं होते. तो मला 'शेजारीणबाई' म्हणायचा आणि मी त्याला 'गिलियर्ड'. भांडण चादरींचं. मी म्हणायची, "ही काय चूल आहे? चिखलाचं डबकं आहे नुसतं. कोळशाचा ओला चुरा काय, चहाचा चोथा काय, बटाट्याची सालं काय!" तो म्हणायचा, "शेजारीणबाई, तुमची चूल देखणी आहे, पण टिकाऊ नाही. माझी दिसायला घाण, पण उद्या सकाळपर्यंत जागी राहते." तो कालव्यातल्या बोटीवर जन्मला, आणि बासष्टाव्या वर्षापर्यंत बोटीवरच राहिला. बोटीवरची शेगडी टोपीच्या खोक्याएवढी. ती विझली की माणूस गारठून मेलाच. तिथं शिकलेलं त्यानं जमिनीवर आल्यावरही सोडलं नाही.

सहा नंबर हे त्याचं आयुष्यातलं पहिलं दार. हे मी उगाच सांगत नाही, तक्रारीशी याचा संबंध आहे. दारावरचा पितळी सहाचा आकडा तो दर शनिवारी घासायचा. बाहेर पडताना त्याला बोट लावायचा, परत आला की पुन्हा लावायचा. मी एकदा हसले. तेव्हा त्यानं सांगितलं. तो सात वर्षांचा असताना बाप कालव्यात बुडाला. त्या थंडीत कालवा गोठला, बोटी अडकल्या, आणि आईला टेकडीवरच्या वर्कहाऊसमध्ये जावं लागलं. गरिबांना कोंडून काम करवून घ्यायचे ते घर. आता तिथं म्हाताऱ्यांचं इस्पितळ म्हणून पाटी लागलीय, पण आमच्यातलं कुणी त्या बाजूच्या फुटपाथवरूनही चालत नाही. त्याला चुलत्यानं बोटीवर ठेवून घेतलं. बर्फ वितळल्यावर बोट परत इथं आली तेव्हा आई गेलेली होती. कुठल्या दारातून नेली, कुठे पुरली, कुणी सांगू शकलं नाही. दगड नाही, खूण नाही. तो म्हणाला, "शेजारीणबाई, मला माझ्या दारातून न्या. पाय आधी न्या, डोकं आधी न्या, उलटा न्या, पण सहा नंबरातून." मी म्हटलं, "आधी मरा तर खरं." असंच बोलायचो आम्ही.

सप्टेंबरअखेर प्लम काढून झाल्यावर तो ब्रिस्टलला भाचीकडे, बेरिलकडे, गेला. आठवड्याभरात येणार होता. मुरंब्याच्या बरण्या पिशवीत होत्या. फाटकाशी थांबून म्हणाला, "तेवढी चूल बघाल ना?" मी म्हटलं, "मी काय तुमची मोलकरीण आहे?" तो हसून गेला. त्याच्याशी माझं हे शेवटचं बोलणं. हे कॉन्स्टेबलांना लिहायला मीच सांगितलं.

भाचीच्या जिन्यावरून तो पडला आणि कमरेचं हाड मोडलं. बेरिलनं पावाच्या दुकानात फोन केला, आमच्याकडे फोन नाही म्हणून. लेन हिबर्ड पीठ लागलेल्या हातांनी तसाच धावत आला. गिलियर्डचा निरोप असा होता: 'हेस्टरला सांग, धूर चालू ठेव.' मी लेनला दोनदा विचारलं की नक्की हेस्टर म्हणाला का. म्हणाला, "हो बाई, हेस्टर." मला माझं नाव ऐकून कसंतरीच झालं. इतक्या वर्षांत त्यानं ते कधी घेतलं नव्हतं. मी समजत होते त्याला माहीतच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहा नंबरात जाऊन चूल पेटवली. धूर वर जातोय न जातोय तोच मिस अँब्रोज सपाता फटफटत आली. "अगं हेस्टर, हा काय धूर काढलास? गिलियर्डचा कधी असा असतो का? धुतल्या मोज्यासारखा! क्रूबाई नवी आहे, आंधळी नाही!" मिसेस क्रू या आमच्या नव्या मेट्रन, उन्हाळ्यात आल्यात. सायकलवरून येतात, फाटकाशी उभ्या राहून धूर मोजतात आणि दुसऱ्या कामाला जातात. गिलियर्डनं आधीच्या दोन मेट्रननाही दार उघडलेलं नव्हतं, त्यामुळे तो दिसत नाही याचं त्यांना नवल वाटलं नाही. पण धूर त्यांना रोज दिसायचा.

म्हणून मला वाईट चूल पेटवायला शिकावं लागलं. सार्जंट हसले, पण ही हसायची गोष्ट नाही. चांगली चूल लावणं माझ्या हाताला आईनं लावलेलं वळण. कागद, त्यावर काटक्या, त्यावर कोळसा, मध्ये हवेला वाट. ते सगळं विसरायचं आणि ओला चुरा थापायचा. पहिल्यांदा विझली. दुसऱ्यांदा खोली धुरानं भरली आणि मी खोकत अंगणात. टॅपली भाऊ दारात उभे राहून सांगायचे, "चहाचा चोथा कमी पडतोय, टकवेलबाई." मग सगळ्यांनी आपापला चोथा आणि सालं माझ्याकडे आणून द्यायला सुरुवात केली. ज्या चुलीला मी अठरा वर्षं नावं ठेवली, ती अखेर मला जमली. एके दिवशी धूर बरोबर खाली उतरला आणि माझ्याच चादरीवर बसला. मिस अँब्रोजनं टाळ्या वाजवल्या. मी आत जाऊन दार लावून घेतलं. का ते विचारू नका.

इतर रहिवाशांचा सहभाग काय, असं विचारल्यावरून सांगते की, शनिवारी प्रत्येकाच्या खिडकीत थोर्नबाईच्या नावाचा पाव ठेवतात. सहा नंबरचा पाव तसाच पडून राहिला असता तर बोभाटा झाला असता, म्हणून तो टॅपली भावांनी खाल्ला, तक्रार न करता. सेंट मार्टिनच्या दिवशी, म्हणजे थोर्नबाईच्या स्मरणाच्या दिवशी, आम्ही सगळे निळे झगे घालून चॅपलमध्ये बसतो. आजारी माणसाचा झगा त्याच्या जागेवर टांगायचा, म्हणजे तो हजर धरतात. ही जुनी रीत आहे, आम्ही काढलेली नाही. गिलियर्डचा झगा मी टांगला. कर्नलनी येऊन झग्याच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, "लवकर बरे व्हा, गिलियर्ड." मिस अँब्रोजला हसू आवरेना, तिनं ते खोकल्यात घातलं. खोटं कुणी बोललं नाही. गिलियर्ड आजारी होताच.

ब्रिस्टलला भेटायला का गेला नाहीत, असं विचारलं. सकाळची चूल सोडून जायला जमत नव्हतं. बस घंटेआधी सुटते. लेन दोनदा जाऊन आला. गिलियर्डनं त्याला तब्येतीचं काही सांगितलं नाही, फक्त विचारलं, "धूर कसा निघतो?" लेन म्हणाला, "घाणेरडा. काळाकुट्ट." त्यावर तो म्हणे इतका हसला की नर्स धावत आली. लेननं मला हे सांगितलं तेव्हा मला बरं वाटलं. मिस अँब्रोज एखाद दिवस चूल बघायला तयार होती. जायला हवं होतं. एवढंच लिहा.

मयताच्या घरातली कुठली वस्तू वापरली का? माझ्या वाट्याच्या कोळशावर दोन चुली दिवसभर चालत नाहीत. म्हणून माझ्या घरात सकाळी धुरापुरती पेटवायची आणि बाकीचा वेळ सहा नंबरात बसायचं, असं मी ठरवलं. शिवण तिकडे न्यायची. त्याची किटली वापरली. त्याच्या खुर्चीत बसले नाही. ती चुलीसमोर होती तशीच ठेवली, मी स्टूल घेतलं. फ्रेनसाहेबांनी तक्रारीत खुर्चीचंही लिहिलंय, ते खोटं आहे.

काल मंगळवारी दुपारी मिसेस क्रू माझ्या दारात आल्या. बेरिलनं त्यांना रीतसर फोन केला होता. त्या म्हणाल्या, "मिसेस टकवेल, मिस्टर गिलियर्ड गेले. काल रात्री." मी म्हटलं, "बरं." त्या म्हणाल्या, "आज सकाळी मी आठ धूर मोजले." मी म्हटलं, "आठच होते." त्या म्हणाल्या, "मला सेक्रेटरींना कळवावं लागेल. नोकरी आहे माझी." मी म्हटलं, "कळवा." बाई वाईट नाही. जाताना माझी दुधाची बाटली दारातून आत ठेवून गेली.

आज सकाळचं विचारल्यावरून सांगते की, घंटेआधी मी सहा नंबरात गेले. चूल पेटवली. इथं माझ्या हातून चूक झाली, आणि ती लिहून घ्या. ओला चुरा बादलीत तयार होता. चोथा होता. पण माझे हात ऐकेनात. मी चुलीतली राख काढली, दगड पुसला, कागद घातला, काटक्या रचल्या, मोठे मोठे कोळसे निवडून लावले, आईनं शिकवली तशी. आज त्याच्या घरात घाणेरडी चूल लावणं माझ्या जिवावर आलं. सुंदर पेटली. खोली लख्ख झाली, पितळ चमकायला लागलं. बाहेर येऊन वर पाहिलं तर पांढरा सरळ धूर. आणि मग माझ्या लक्षात आलं, अगं बाई, ही टिकायची नाही! त्याचीच चूल लावली असती तर उद्यापर्यंत जागी राहिली असती. मी तसं करायला आत वळले, तेवढ्यात फ्रेनसाहेब फाटकातून आले.

फ्रेनसाहेब म्हणाले, "बाई, तुम्ही सगळ्यांनी मिळून दोन महिने ट्रस्टला फसवलंत." मी म्हटलं, "साहेब, दगड वाचा." ते म्हणाले, "दगडाचं काय घेऊन बसलात? वसंतात गॅसच्या शेगड्या येतायत. ही धुराडी बुजवणार आहोत आम्ही. धूर मोजायचे दिवस गेले." मग त्यांनी माझ्या हातून किल्ली घेतली. ते सभ्यपणे वागले, मला हात लावला नाही. गॅसचं मला ठाऊक आहे. ऊब चांगली येते म्हणतात, हात काळे होत नाहीत. माझ्या बोटांच्या सांध्यांना ते बरंच आहे. पण सकाळी मी अंगणात येऊन वर पाहीन तेव्हा कोण उठलं, कोण रुसलं, कुणाला बरं नाही, हे मला कसं कळायचं? मिस अँब्रोज आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. तिच्या गॅसचं तोंड मला दिसणार आहे का?

इथपर्यंत लिहून होईस्तोवर भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झाले. मी सार्जंटना म्हटलं, "डेनिस, ती विझत असेल." सार्जंट म्हणाले, "टकवेलबाई, तक्रार नोंदलेली आहे. जबाब पुरा होईपर्यंत मी तुम्हाला जाऊ देऊ शकत नाही, आणि त्या घरात तर नाहीच नाही." मी म्हटलं, "मग तू आमच्या आवारातला नाहीस, परका आहेस." हे मी रागात बोलले. ते कॉन्स्टेबलांनी लिहिलं आहे, राहू द्या. सार्जंटनी टोपी घातली आणि कॉन्स्टेबलांना म्हणाले, "मी जरा पाय मोकळे करून येतो. बाईंना चहा दे आणि हातमोज्यांच्या कारखान्याबद्दल विचार." मग ते गेले.

कॉन्स्टेबलांनी विचारल्यावरून कारखान्याबद्दल सांगितलं. बराच वेळ सांगितलं. त्याचा तक्रारीशी संबंध नाही म्हणून इथं घेतलेलं नाही. सांगता सांगता माझं टेबलाकडे लक्ष गेलं. किल्ली तिथं नव्हती. मी कारखान्याचं पुढे सांगत राहिले. कॉन्स्टेबलांनी माझा चहा पुन्हा भरला.

सार्जंट परत आले तेव्हा त्यांचे दोन्ही हात मनगटापर्यंत काळे होते आणि कपाळाला काळा पट्टा लागला होता. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि बेसिनशी जाऊन हात धुतले. कुठे गेला होतात असं मी विचारलं नाही. ठाण्याच्या या खिडकीतून चर्च लेनच्या टोकाला आमची धुराडी दिसतात. मी उठून खिडकीशी गेले. माझी सकाळची चूल विझली होती, बाकीचे धूर आपापल्या जागी होते. आणि सहा नंबरातूनही धूर निघत होता. पिवळा, काळा, जाडजूड, आळशी. वर न जाता तो खाली उतरत होता, थेट माझ्या वाळत घातलेल्या चादरींवर. डेनिस वेअरला धड चूल लावता येत नाही, हे त्याच्या आजीनं मला केव्हाच सांगितलं होतं. ही चूल उद्यापर्यंत टिकेल. मला रडू आलं. ते लिहायचं असेल तर लिहा.

मला आणखी काही सांगायचं नाही. उद्या पेटी आली की सहा नंबरात आत नेऊन चुलीसमोर थोडा वेळ ठेवायची, वर त्याचा निळा झगा घालायचा आणि मग दारातून बाहेर काढायची. पितळी आकड्याला कुणीतरी बोट लावायचं. ते मी लावीन.

वरील जबाब कॉन्स्टेबलांनी मला सावकाश, मोठ्यानं वाचून दाखवला. मी चष्मा लावून कागदही पाहिला. पहिल्या पानावर 'घर नंबर ६ या रिकाम्या घरात' असं लिहिलेलं आहे. ते मी सांगितलेलं नाही, त्यांनी आपल्या मनानं घातलं आहे. ते खोडा. तिथं 'अ‍ॅमस गिलियर्डच्या घरात' असं लिहा, मी बाजूला सही करते. बाकी सगळा मजकूर मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

समक्ष सही: हेस्टर टकवेल